वटारचा लाल डाग

आग्नेसबाई खांद्याला पिशवी लावून गल्लीत शिरली की वसईजवळच्या वटार गावातली माणसं फाटकाची कडी आतून लावून घेत. यात वैर काही नव्हतं. बाई मनाने चांगली, अडीअडचणीला धावणारी. मयताच्या घरी पहिला चहा तिच्याच घरून जायचा. पण गेल्या पंचवीस वर्षांत तिने गावाला साबण विकला, न चिकटणारी कढई विकली, पाणी शुद्ध करायचं यंत्र विकलं, गुडघेदुखीचा पट्टा विकला, आणि मधे एक वर्ष विमासुद्धा विकला. ‘नको’ हा शब्द तिला ऐकू येत नसे. फादरांना तिने दोन पट्टे विकले होते. एक डाव्या गुडघ्याचा, एक उजव्या. फादरांचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते.

तिचा नवरा आग्नेल केळीच्या वाडीत रमलेला माणूस. बायकोच्या धंद्याविषयी कुणी तक्रार केली की तो म्हणायचा, “मला काय सांगता? माझ्या घरात चार कढया आहेत.”

एक मात्र होतं. माल बिघडला तर आग्नेस तो स्वतः येऊन परत न्यायची. शुद्धीकरणाच्या यंत्रातून पिवळं पाणी यायला लागलं, तेव्हा ती रिक्षा करून घरोघर फिरली आणि सगळी यंत्रं उचलून कंपनीच्या दारात टाकून आली. त्यामुळे लोक कडी लावायचे खरे, पण शिव्या देत नसत.

साठी उलटल्यावर तिने पिशवी खुंटीला अडकवली. मुलगी जीना कमावती झाली होती. वसईच्या एव्हरशाईन सिटीत तिचं ऑफिस. खाली दातांचा दवाखाना आणि वर हे ऑफिस, त्यामुळे मीटिंग चालू असताना मधूनच दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा. ऑफिसात सगळी मिळून सात माणसं. त्यांचा मालक धनेश, जवळच्या जूचंद्र गावचा. बंगळूरला मोठ्या पगाराची नोकरी सोडून तो परत आला होता, कारण त्याला आपला मराठी ब्राउझर काढायचा होता. नाव ठेवलं ‘सापडलं’.

आता ब्राउझर म्हणजे काय, हे आग्नेसला जीनाने एकदा जेवताना समजावलं होतं.

“मम्मी, ब्राउझर म्हणजे दार. त्यातून आपण इंटरनेटवर जातो. आणि सर्च इंजिन म्हणजे दारात उभा राहून पत्ता सांगणारा. आपण विचारायचं, त्याने सांगायचं.”

“मग तुमच्या दारात कोण उभा आहे?”

“सध्या तो मोठावालाच. सगळे वापरतात तो. दार आमचं, माणूस त्याचा. पण धनेश आमचा स्वतःचा माणूस तयार करतोय. मराठी कळणारा.”

“सगळ्यांकडे तो मोठा असताना तुमचा कोण घेणार?”

जीनाने ताटातला मासा उगाच उलटापालटा केला. “तेच तर. कुणी घेतच नाहीये. मुंबईहून पैसे लावणारी माणसं येणार आहेत. तोवर आकडा वाढला नाही तर ऑफिस बंद.”

जीना एवढं बोलून ताट घेऊन उठली. तिने आईकडे काही मागितलं नव्हतं. पण आग्नेसची नजर खुंटीवरच्या पिशवीकडे गेली, आणि आग्नेलने ते बघितलं.

“आग्नेस, नको,” तो म्हणाला.

ते तिला नेहमीप्रमाणे ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीना ऑफिसला गेली आणि आग्नेस गावात. या खेपेला पिशवी रिकामी होती. ती बघून लोकांनी फाटकं उघडली, हीच त्यांची चूक. बाई आत यायची, पाणी प्यायची आणि म्हणायची, “फोन बघू जरा.” टिफनीकडून तिने सगळी रीत शिकून घेतली होती. टिफनी म्हणजे शेजारची कॉलेजात जाणारी पोर. नवा ब्राउझर उतरवायचा, जुना मागच्या पानावर सरकवायचा आणि सेटिंगमध्ये जाऊन नव्यालाच कायमचं दार करून टाकायचं. आग्नेसला सवय झाल्यावर पाण्याचा ग्लास संपायच्या आत काम व्हायचं.

कारण मात्र ती प्रत्येकाला वेगळं सांगायची. म्हाताऱ्यांना सांगितलं, याने बॅटरी जास्त टिकते. बायकांना सांगितलं, यात घाणेरड्या जाहिराती येत नाहीत. वाडीवाल्यांना सांगितलं, केळीचा भाव यात आधी कळतो. चर्चच्या गायकवृंदातली जोआना जरा चौकस. ती म्हणाली, “मला जुनाच बरा आहे गं.”

“फादरांनीसुद्धा घेतलाय,” आग्नेस म्हणाली.

तेव्हा फादरांनी घेतलेला नव्हता. म्हणून जोआनाकडून निघाल्यावर ती सरळ चर्चच्या बंगल्यावर गेली. फादर कुणाच्या तरी बारशाचा केक खात होते. त्यांचे हात क्रीमने भरलेले होते. फोन टेबलावर होता. अशा रीतीने ती गोष्ट खरी झाली.

महिना-दीड महिन्यात वटारमध्ये ‘सापडलं’ नसलेला फोन उरला नाही. आग्नेलचा जुना बटणांचा फोन तेवढा वाचला.

इकडे एव्हरशाईनच्या ऑफिसात भिंतीवरच्या स्क्रीनवर देशाचा नकाशा होता. जिथे लोक ‘सापडलं’ वापरत तिथे लाल ठिपका यायचा. पुण्यात दोन-चार, नाशकात एक, कोल्हापुरात अधूनमधून. आणि एक दिवस मुंबईच्या वर समुद्राला लागून एक लाल डाग दिसायला लागला. तो रोज वाढत गेला. पुढे पुढे तर नकाशाला गोवर आला आहे की काय असं वाटावं, पण गोवर एकाच जागी.

धनेशने त्या डागावर बोट ठेवलं. “हे वटार. जीना, तू वसईसाठी वेगळी जाहिरात लिहिली होतीस ना?”

लिहिली होती. ‘शोधताय कशाला? सापडलं!’ अशी. खाली केळीच्या घडाचं चित्र. फोनवर ती जाहिरात फिरत होती.

धनेशने सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. खालून दात कोरायचा आवाज येत होता, त्यामुळे टाळ्या जरा जोरात वाजवाव्या लागल्या. जीना लाजून लाल झाली. घरी आल्यावर तिने आईला पेढे दिले आणि म्हणाली, “मम्मी, मला वाटतं मला हे जमतं.”

आग्नेसने पेढा खाल्ला. “मला माहीतच होतं,” ती म्हणाली. तिने त्यावर आणखी काही सांगितलं नाही. पोर खूश होती, आणि कुणाचा काही तोटा नव्हता.

वटारचा डाग बघून धनेशला हुरूप आला. त्याला वाटलं, लोकांना मराठी ब्राउझर हवाच होता, मग आता मराठी सर्च इंजिनही देऊन टाकू. पैसेवाले येत्या गुरुवारी येणार होते. त्यांच्यासमोर दारही आपलं, माणूसही आपला असं दाखवायचं त्याच्या मनात होतं. ऑफिसातल्या दोघांनी सांगितलं की नवा माणूस अजून अर्धवट आहे. धनेश म्हणाला, “कामाला लागला की शिकेल.” आणि त्याने अपडेट सोडलं.

अपडेटची गंमत अशी की ते कुणाला विचारत नाही. लोक जेवून झोपले, फोन चार्जिंगला लावले, आणि सकाळी उठले तेव्हा दारातला जुना माणूस जाऊन नवा उभा होता. दार तेच, रंग तोच. कुणाला काही कळलं नाही.

पहिला फटका जोआनाला बसला. तिला नंदाखालच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, किती वाजता आहे ते बघायचं होतं. तिने लिहिलं, ‘मिस्सा किती वाजता’. उत्तर आलं, ‘मिस्सी रोटी. तीस मिनिटांत तयार. चार जणांसाठी.’

फादरांनी उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसाच्या प्रवचनासाठी ‘राख बुधवार’ शोधलं. त्यांना भांडी घासायची राख मिळाली, बुधवारी घरपोच मोफत.

यात हसण्यासारखं होतं आणि लोक हसलेही. पण जोआनाच्या मुलाचं, ॲल्रॉयचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिला लग्नाच्या जेवणासाठी फुगे करून देणारं कुणीतरी हवं होतं. वसईच्या ख्रिस्ती लग्नात फुगे म्हणजे तळलेले, गोल, हलके पाव. रश्श्याबरोबर ते नसतील तर लग्न झालं असं कुणी मानत नाही. जोआनाने ‘लग्नाचे फुगे ऑर्डर’ असं शोधलं, पहिल्या नंबरवर फोन केला आणि पाचशे फुगे सांगितले. समोरच्याने विचारलं, “मॅडम, कलर कोणता?” जोआना म्हणाली, “तळल्यावर येतो तो, बदामी.” लग्नाला अजून काही दिवस असताना रविवारी सकाळीच विरारहून एक टेम्पो आला आणि त्यातून बदामी रंगाचे पाचशे रबरी फुगे उतरले.

मिस्सा सुटल्यावर सगळी माणसं आग्नेसच्या फाटकाशी आली. हातात फोन. इतकी वर्षं आग्नेस लोकांच्या फाटकाशी जायची. आज उलटं झालं होतं, आणि कडी लावायला उशीर झाला होता.

“आग्नेस, हे काय घालून दिलंयस तू?” जोआनाने एक बदामी फुगाच पुढे केला. “हा रश्श्यात बुडवू?”

“मला म्हणालीस केळीचा भाव कळतो,” एक वाडीवाला म्हणाला. “हा मला केळ्याच्या हलव्याची कृती सांगतो.”

फादर मागे उभे होते. ते नुसते दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि सरळ झाले. सगळे हसले, आग्नेस सोडून.

जीना तेव्हा ऑफिसच्या कामासाठी पुण्याला गेलेली होती, संध्याकाळी यायची होती. आग्नेसला वाटलं, ती यायच्या आत हे मिटवून टाकावं. मालकाला फोन करून उपयोग नसतो, हे ती पंचवीस वर्षांच्या धंद्यात शिकली होती. साबणाच्या कंपनीचा साहेब असाच फोन उचलत नव्हता, तेव्हा ती बोरिवलीला त्याच्या आईकडे जाऊन बसली होती. त्याच संध्याकाळी साहेबाचा फोन आला. म्हणून तिने पिशवी घेतली, नालासोपाऱ्याची बस पकडली आणि विचारत विचारत जूचंद्रला धनेशच्या घरी पोचली.

धनेशची आई पुतळाबाई ओट्यावर बसून फोनवर बोलत होती. शेती-खाडीत आयुष्य गेलेली बाई, आवाज खणखणीत. तिने खुणेनेच आग्नेसला बसायला सांगितलं.

“हां भाऊ, गॅसचा सिलिंडर आला नाय अजून,” पुतळाबाई फोनात सांगत होती. “कोनता नंबर? आता आला तो? थांब, चष्मा लावते. चार... सात...”

आग्नेसने विचारलं, “ताई, कोण आहे?”

“गॅस ऑफिसवाला. नंबर सांग म्हनतो, फोनात आलेला. लगेच सिलिंडर पाठवतो.”

“ऑफिसचा नंबर कुठून मिळाला तुम्हाला?”

पुतळाबाईचा चेहरा फुलला. “माझ्या पोराचं हाय ना ते, सापडलं! त्यात शोधला. पयलाच आला.”

आग्नेसने तिच्या हातातून फोन ओढून घेतला. कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर असं करू नये हे तिला कळत होतं, पण केलं. “हॅलो, कोण बोलतंय? रविवारी कुठलं गॅस ऑफिस उघडं असतं रे? तुझी आई आहे का घरी? दे तिला फोन. दे म्हणते ना!”

पलीकडच्याने फोन ठेवला.

पुतळाबाईला आधी राग आला, मग आग्नेसने सगळं समजावल्यावर घाम आला. तो नंबर सांगितला असता तर बँकेतलं सगळं गेलं असतं. मिठागराची जमीन गेली त्याचे पैसे होते ते.  मग पुतळाबाईने उठून चहा टाकला, आणि चहा उकळत असतानाच धनेश जेवायला घरी आला.

“धनेश, इकडं ये,” आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून धनेश जागीच थांबला.

सगळं ऐकून त्याचा चेहरा उतरला. “आई, ते बीटा आहे अजून. म्हणजे पूर्ण तयार नाही. चुका होणारच...”

“बेटा तू हाय माझा. ते काय हाय ते मला माहीत नाय. तयार नव्हतं तर लोकांच्या घरात कशाला सोडलंस?”

धनेशने डोकं धरलं. “मी मागे घेतो. पण नवं अपडेट सगळ्या फोनांवर पोचायला आठवडा जाईल. आणि गुरुवारी ते लोक येणार...” तेवढ्यात त्याचं आग्नेसकडे लक्ष गेलं. “आँटी, तुम्ही जीनाच्या मम्मी ना? काय जाहिरात लिहिलीय तुमच्या मुलीने! अख्खं वटार आलं आमच्याकडे.”

“कुठली जाहिरात?” आग्नेस म्हणाली. डोक्यात राग होता, त्यामुळे जीभ पुढे गेली. “मी घातलंय सगळ्यांच्या फोनात. एकेका घरी जाऊन. फादरांच्यासुद्धा. आणि आता मीच काढणार. तुझ्या अपडेटची वाट बघत बसायला मला वेळ नाही. बिघडलेला माल मी कुणाच्या घरात ठेवत नाही.”

 धनेशने खिशातून फोन काढला आणि जीनाला लावला. आग्नेसला वाटलं, हे मी नको होतं बोलायला. पण बोलून झालं होतं.

संध्याकाळी जीना घरी आली. बॅग दारातच टाकली. आग्नेल भाजी निवडत होता. तो भाजीसकट मागच्या दाराने वाडीत निघून गेला.

“तुला कोणी सांगितलं होतं?” जीनाने विचारलं.

“कोणी नाही. ऑफिस बंद होईल म्हणालीस, म्हणून...”

“मी पेढे आणले, मम्मी! तू खाल्लास. बसून खाल्लास!”

“तू एवढी खूश होतीस.”

“त्या नकाशाकडे बघून मी रोज ऑफिसात जात होते. ती ओळ मी लिहिली होती. लोक माझं वाचून येतायत असं वाटायचं मला. आणि धनेशलाही तेच वाटलं, म्हणून त्याने अर्धवट माल सोडला.” जीना खुर्चीत बसली. “ती जाहिरात चांगली होती का वाईट, हे आता मला कधी कळणारच नाही.”

“चांगलीच होती की.”

“तुला काय माहीत? तू वाचलीस का?”

आग्नेसने वाचली नव्हती. पंचवीस वर्षांत तिने कधी जाहिरात वाचून माल विकला नव्हता.  तिला आयुष्यात पहिल्यांदा ‘नको’ हा शब्द ऐकू आला, आणि तो कुणी उच्चारलाही नव्हता.

“काढू का लोकांच्या फोनातून?” तिने विचारलं. “का गुरुवार होईपर्यंत थांबू? तू सांगशील तसं.”

जीनाने दारातली बॅग उचलली. मग म्हणाली, “धनेशची आई वाचली. गावातल्या प्रत्येकाची आई वाचेलच असं नाही. काढ.” आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी आग्नेस निघाली. फाटकं उघडीच होती. लोकांनी आधी तिला यथेच्छ ऐकवलं. जोआनाने तिच्या हातात फुग्यांची एक पिशवी ठेवली आणि म्हणाली, “जास्त झालेत. घरी ने.” पण मग चहा केला. चहाबरोबर लग्नाच्या गोष्टी निघाल्या, बदामी फुग्यांची कमान शेवटी मांडवाच्या दारात लावायची असं ठरलं. खऱ्या फुग्यांसाठी आग्नेसने पापडी गावच्या एका बाईचं नाव सांगितलं. फोनात न बघता.

घरोघर तेच झालं. पूर्वी लोक तिला उभ्या उभ्या वाटेला लावायचे, आता काढून झाल्यावरही “बस गं” म्हणायचे. “मग आता कुठलं घालू?” असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “जुनंच ठेव. माझ्याकडे सध्या विकायला काही नाही.” हे वाक्य म्हणताना तिची तिलाच मजा वाटायची.

फादरांनी मात्र काढू दिलं नाही. ते म्हणाले, “असू दे. रात्री झोपताना दोन प्रश्न विचारतो आणि हसून झोपतो. डॉक्टरने सांगितलंय, हसा.” कुणाला फोन लावायच्या भानगडीत पडायचं नाही, असं वचन तिने त्यांच्याकडून घेतलं आणि ती उठली.

गुरुवारी मुंबईची माणसं आली. भिंतीवरच्या नकाशात वटारच्या जागी एकच ठिपका उरला होता. त्यांनी विचारलं, “इथे काहीतरी मोठं होतं असं ऐकलं?” धनेशने जे झालं ते सगळं सांगितलं. ती माणसं पोट धरून हसली, चहा प्याली, आणि पैसे न लावता निघून गेली. धनेशने सर्च इंजिन बंद केलं. ब्राउझर काही महिने रेटला, मग तोही बंद झाला. आता तो कुठल्याशा बँकेसाठी घरून काम करतो, आणि पुतळाबाई त्याच्यावर नजर ठेवून असते.

जीनाने ती नोकरी आपणहून सोडली. दोन-अडीच महिने घरी होती. त्यातला पहिला आठवडा ती आईशी कामापुरतंच बोलत होती. मीठ दे, दार लाव, एवढंच. आग्नेसनेही फार गोडगोड बोलून मनधरणी केली नाही. तिला ते जमत नसे. रोज मुलीच्या आवडीचं काहीतरी करून ठेवायची आणि न बोलता बाजूला व्हायची.

मग एक दिवस जीनाने लॅपटॉप आईपुढे ठेवला. “ही एका हॉस्पिटलची वेबसाइट आहे. मी मराठीत लिहून बघितलंय. वाच. आणि खरं सांग, आई म्हणून नको.”

आग्नेसने चष्मा लावून एक एक ओळ वाचली. मधे दोनदा परत मागे गेली. “पहिलं वाक्य ठीक आहे. हे दुसरं लांबलंय. इतकं वाचेपर्यंत पेशंट मरेल.”

जीना हसली नाही, पण तिने ते दुसरं अर्ध्यावर आणलं. नालासोपाऱ्याच्या त्या हॉस्पिटलात तिला नोकरी लागली. वेबसाइट, फोनचं ॲप आणि पेशंटांना जाणारे मेसेज हे सगळं तीच बघते.

लागल्या लागल्या तिने घरी एक अट घातली होती, की आपल्या कामासाठी मम्मीने फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. ती कामाला निघाली की आग्नेस फाटकापर्यंत तिच्याबरोबर जाते. परवा चपला घालता घालता जीना म्हणाली की हॉस्पिटलने नवं ॲप काढलंय, पण पेशंट ते घेतच नाहीत.

आग्नेसने तोंड उघडलं.

“मम्मी.”

“मी कुठे काय म्हटलं? डबा घेतलास का विचारत होते.”

“घेतला,” जीना म्हणाली आणि बसच्या दिशेने चालायला लागली. कोपऱ्यावर जाऊन तिने एकदा मागे वळून बघितलं. आग्नेस फाटकातच उभी होती. तिथून ती हलली नाही.